कामट्यांचा आकाशकंदील दरवर्षी कलतो, कुठे चुकतंय?

चकली_मोडली (२८ सप्टेंबर, रात्री १०:५०)

दिवाळीला अजून तीन आठवडे आहेत. आत्ताच धागा काढतेय, म्हणजे वसुबारसेच्या रात्री रडायची वेळ येणार नाही.

गेली दोन वर्षं मी घरी आकाशकंदील करायचा प्रयत्न करतेय. कार्डशीटचा नाही, कामट्यांचा. सहा चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून बांधायचे, वर पतंगाचा कागद, खाली शेपट्या. लालबागच्या चाळीत बाबा करायचे तसा. पहिल्या वर्षी ऑनलाइन संच मागवला होता. त्यातल्या काड्या एकीसारखी दुसरी नाही. गेल्या वर्षी शहाणी झाले आणि फूटपट्टी लावून स्वतः कापल्या. बांधून झाल्यावर सांगाडा झकास दिसत होता. उचलला आणि बसला! चौकोनांच्या शंकरपाळ्या झाल्या. तसाच रेटून कागद लावला, तर दोन त्रिकोणांना कागद पुरेना आणि दोन ठिकाणी फुगे आले. लेक म्हणाला, "आई, कंदील दमलाय."

बाबा आता ८१ वर्षांचे आहेत, भावाकडे असतात. हात थरथरतात, त्यामुळे करून दाखवणं बंद झालंय. फोनवर विचारलं की एकच सांगतात, "फुल्या घातल्यास का?" घातल्या की! लाल क्रेपच्या, चांगल्या बारा. तरी कलला.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. "विकत आणा" हा सल्ला नको.

---

आगाऊ_कार्टं (२८ सप्टेंबर, रात्री ११:०५)

विकत आणा.

---

सोमवार_पेठ (२९ सप्टेंबर, सकाळी ७:२०)

आगाऊ, तू झोप.

चकलीताई, आधी कामटीपासून बघू. संचातल्या काड्या बहुतेक यंत्रावर काढलेल्या गोल असतात. गोलावर गोल बांधला की तो घसरतो, गाठ कितीही आवळा. बुरडाकडची चिरलेली कामटी चपटी असते, ती एकमेकीवर बसते. पुण्यात असाल तर बुरूड आळीत जा, कंदिलाला हवी म्हणून सांगा, समोर चिरून देतात. ठाणे-मुंबईकडचं तिकडचे लोक सांगतील.

आणल्यावर दोन गोष्टी करा. पेरं येतात तिथे कामटी जाड असते, ती सुरीने तासून घ्या. कडांवरून पॉलिश कागद फिरवा, नाहीतर बोटात कुसळ जातं आणि पतंगाचा कागद आतून फाटतो. बोटाचं बरं होतं, कागदाचं नाही.

आणि फूटपट्टी प्रत्येक काडीला लावू नका. एक काडी नीट कापायची, तीच माप म्हणून वापरायची. दुसरीवरून तिसरी, तिसरीवरून चौथी असं केलंत की चोविसावी अर्धा इंच वाढलेली असते. मी केलंय म्हणून सांगतो.

---

चकली_मोडली (२९ सप्टेंबर, सकाळी ९:४०)

सोमवार_पेठ, अगदी असंच केलं होतं मी! आधीच्या काडीवरून पुढची. कळलं. पण काड्या सारख्या असत्या तर उभा राहिला असता का? कारण तो एका बाजूला थोडासा नव्हता कलला. हातात धरल्यावर लोकरीच्या टोपीसारखा मऊ लागत होता.

---

काटकोन (२९ सप्टेंबर, दुपारी १:१५)

नसता राहिला. काड्या केसाइतक्याही चुकल्या नसत्या तरी बसलाच असता.

घरात चार काड्या असतील तर आत्ता करून बघा. तीन काड्यांचा त्रिकोण बांधा आणि टोकं दाबा, हलणार नाही. चार काड्यांचा चौकोन बांधून दाबा, लगेच शंकरपाळी. लांबी तीच राहते, कोन पळतात. तुमच्या कंदिलाला १४ बाजू आहेत: ६ चौकोन आणि त्यांच्या फटींमध्ये आपोआप तयार होणारे ८ त्रिकोण. त्रिकोण बिचारे घट्ट असतात. सगळा दगा चौकोन देतात.

हिशेबच हवा असेल तर हा घ्या. सांधे १२. प्रत्येक सांधा तीन दिशांना हलू शकतो, म्हणून ३६. त्यातून पूर्ण कंदील उचलण्या-फिरवण्याचे ६ वजा करा, राहिले ३०. एवढ्या काड्या असल्या तर ढाचा जागच्या जागी राहतो. तुमच्याकडे आहेत २४, म्हणजे सहा कमी. चौकोन किती? सहाच. प्रत्येक चौकोनात एक आडवी काडी, या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, आणि काम संपलं.

पण आत सहा काड्यांच्या सावल्या पडतात आणि वजन वाढतं. म्हणून जुने लोक काडीऐवजी दोरा बांधायचे. फरक एवढाच की काडी दाबलं तरी विरोध करते आणि ओढलं तरी करते. दोरा फक्त ओढल्यावर. चौकोन या अंगाला कलला तर एक कर्ण ताणला जातो, त्या अंगाला कलला तर दुसरा. म्हणून दोरा दोन्ही कर्णांवर लागतो. प्रत्येक चौकोनात दोन दोरे, एकमेकांना छेदणारे.

त्याला फुली म्हणतात हो.

---

चकली_मोडली (२९ सप्टेंबर, दुपारी १:२२)

थांबा.

---

चकली_मोडली (२९ सप्टेंबर, दुपारी १:२४)

फुली. गुणिलेची फुली!

मी दोन वर्षं बाबांचं ऐकून कंदिलाला क्रेपची फुलं चिकटवतेय.

---

आगाऊ_कार्टं (२९ सप्टेंबर, दुपारी १:३०)

😂😂😂 हा धागा वाचनखुणांत. विकत आणायचा सल्ला मागे घेतो.

---

वीस_टिकल्या (२९ सप्टेंबर, दुपारी ४:१०)

चकले, मी वर्गात मुलांसमोर वाचून हसले, आता त्यांना काय सांगू!

पण तुझी चूक नाही ग. आमच्याकडे नाकातल्या चमकीलासुद्धा फुली म्हणतात. बाबांना सांगितलंस का?

---

चकली_मोडली (२९ सप्टेंबर, रात्री ९:३५)

सांगितलं. दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "आणि फुलं कुठं लावलीस? खालच्या चौकोनाला? वजनानं बसणारच." म्हणजे चूक तरीही माझीच 😄

---

गिरगाव_ते_गोरेगाव (३० सप्टेंबर, सकाळी ११:००)

काटकोन यांचा प्रतिसाद बापाच्या तोंडून ऐकल्यासारखा वाटला. आमचे वडील गिरणीत फिटर होते, त्यांना छत्तीस वजा सहा ठाऊक नव्हतं. दोरा बांधला की टिचकी मारून आवाज ऐकायचे. सहाही चौकोनांचा आवाज साधारण सारखा आला पाहिजे. एक बद्द वाजला की तो सैल.

आता पुढचं. कामटी ९ इंचांची घ्या. सगळे १२ इंच घेतात, पूर्ण फूट सोयीचा म्हणून, आणि मग कंदील सतरा इंचांचा होतो (उंची काढायला काडीला १.४१ ने गुणायचं). आजकालच्या खिडकीत तो मावत नाही, ग्रिलला घासतो. ९ ची काडी घेतली की कंदील पावणेतेरा इंच. एकूण कामटी लागते १८ फूट, अडीच-तीन फूट जास्तीची घ्या, मोडतात.

आणखी एक कारण आहे. २० बाय ३० इंचांच्या एका तावात १० बाय १० चे सहा चौकोन बसतात. तुम्हाला बाजूचे चारच लागतात, कारण वरचा आणि खालचा उघडा ठेवायचा. आणि दुसऱ्या तावात आठ त्रिकोण, एक सुलटा एक उलटा असे लावत गेलात तर दोन ओळींत चार-चार, अर्धा इंच दुमडसकट बरोब्बर बसतात. दोन रंग, दोन ताव. उरलेल्या दोन चौकोनांच्या सजावटीसाठी कागदी करंज्या करा. १२ इंची काडीला त्रिकोणांसाठीच तीन ताव जातात आणि अर्धे वाया.

ताव घेताना उजेडासमोर धरून बघा. बारीक भोकं असतात, दुकानात दिसत नाहीत, दिवा लावल्यावर चांदण्या दिसतात.

---

सोमवार_पेठ (३० सप्टेंबर, दुपारी १२:१०)

दोन ताव! काय हिशेब आहे. मी गेली पंधरा वर्षं पाच आणतो.

खळ कोण सांगणार? इथे फेव्हिकॉलवाले येण्याआधी सांगून टाका.

---

गिरगाव_ते_गोरेगाव (३० सप्टेंबर, दुपारी १२:४०)

मैदा एक वाटी, पाणी साडेपाच-सहा वाट्या. आधी थोड्या थंड पाण्यात मैदा कालवायचा, गुठळी मोडायची, मग उरलेल्या उकळत्या पाण्यात ओतत ढवळायचं. पांढरी असते ती काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची. गार झाल्यावर आणखी घट्ट होते, त्यामुळे गॅसवर पातळ वाटली तरी चालेल. पूर्वी झुरळं-कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचे. तो विषारी असतो, घरात लहान मूल असेल तर अजिबात नको. दोन दिवसांत वापरून टाका, आंबते.

फेव्हिकॉलही चिकटतो. पण पतंगाच्या कागदाला खळच, त्याचं कारण आहे. खळीतलं पाणी कागद पितो आणि फुगतो. तेव्हा तो सैलसर दिसतो, घाबरायचं नाही, ओढायचंही नाही. वाळताना आक्रसतो आणि ढोलकीच्या पानासारखा ताठ होतो. ओला असतानाच ताणून बसवलात तर वाळताना एकतर फाटतो, नाहीतर कामटी वाकवतो.

---

राईनकाठी (१ ऑक्टोबर, रात्री १:५०)

जर्मनीतून प्रतिसाद, वेळेबद्दल क्षमस्व.

इथे आलो तेव्हा पहिल्या दिवाळीत वाटलं होतं की कंदिलाचं सामान कुठून मिळणार? दुकानात शिरलो तर अख्खी भिंत! रंगीत पारदर्शक कागद, काड्या, छोटे दिवे, सगळं. माझा क्षणभर समज झाला की इथल्या बाईला दिवाळी माहीत आहे. नंतर कळलं, ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनचा दिवस असतो. संध्याकाळी शाळेतली पोरं स्वतः केलेले कागदी कंदील काठीला अडकवून, गाणी म्हणत रस्त्यातून फिरतात. त्याची ही तयारी. ऑक्टोबरभर दुकानं कंदिलाच्या कागदाने भरलेली असतात, अगदी आपल्या वेळेला. त्या कागदाचं इथलं एक नाव तर शब्दशः 'पतंगाचा कागद' असंच आहे. ड्राखेनपपीअर. पतंगाला ते ड्राखेन म्हणतात.

बांबूची कामटी मात्र नाही. मी कबाबच्या काड्या वापरतो. त्या गोल असतात, सोमवार_पेठ यांचं खरं आहे, घसरतात. उपाय म्हणजे सांध्याचा दोरा खळीत बुडवून बांधायचा, वाळला की दगड होतो.

एक प्रश्न. माझ्याकडे शेपट्या टिकत नाहीत, वाऱ्याने दोन दिवसांत चिंध्या. काय करू? आणि परवा ३ ऑक्टोबरला इथे सुट्टी, सगळी दुकानं बंद, तेव्हा उद्याच सामान आणायचंय. लवकर सांगा.

---

वीस_टिकल्या (१ ऑक्टोबर, सकाळी ६:५५)

राईनकाठी, साध्या पट्ट्या कापण्याऐवजी जाळीच्या करा. चार बोटं रुंद पट्टी उभी दुमडायची, मग एक काप या कडेने, पुढचा त्या कडेने, आळीपाळीने. कात्री समोरच्या कडेपर्यंत जाऊ द्यायची नाही, अर्धं बोट अलीकडे थांबायची. उलगडून हलकेच ओढली की जाळी. वारा तिच्यातून निघून जातो, पट्टीसारखी फटकारत नाही. टोकाला कार्डशीटचा छोटा तुकडा चिकटवा, जरा वजन राहतं. क्रेप नको, पाऊस लागला की रंग सोडतो.

---

मडगांवकार (१ ऑक्टोबर, सकाळी १०:३०)

नमस्कार. गोव्यातून थोडं.

आमच्याकडे दिवाळीत बांबूला दोन कामं असतात. एक आकाशकंदील, दुसरा नरकासुर. चतुर्दशीच्या आदल्या रात्री जागरण, पहाटे नरकासुर जाळायचा. वाड्यावरच्या पोरांना दुसऱ्यात जास्त रस. गवत, वर्तमानपत्रं, रंगवलेला मुखवटा, महिनाभर अभ्यास बंद. कंदील करणाऱ्याला कुणी विचारत नाही, त्यामुळे कंदील शांतपणे होतो. कंदिलांच्याही स्पर्धा असतात, पण तिथे अलीकडे कागद कमी आणि नारळाच्या करवंट्या, सुपाऱ्या, शंख जास्त. बघायला छान, पण उजेड कुठून येणार?

फुलीवरून आठवलं. डिसेंबरात शेजारी नाताळाचं नखेत्र करतात, पाच टोकांचा तारा. त्याला दहाच काड्या. पाच काड्यांचा एक तारा, तसाच दुसरा, दोन्ही एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं बांधायची. मग मधे, जिथे काड्या एकमेकींना ओलांडतात त्या पाच जागी, बोटभर लांबीचे तुकडे आडवे घुसवायचे. तारा पोटातून फुगतो आणि ताठ होतो. तिथे दोऱ्याची गरज नाही, कामट्या वाकून एकमेकींना रेटून धरतात. आमच्या घरी दिवाळीचा कंदील उतरला की सांगाडा जपून ठेवायचा आणि शेजारचं नखेत्र बांधायला आम्ही पोरं हजर. खळ त्यांच्याकडची, हात आमचे.

---

आगाऊ_कार्टं (१ ऑक्टोबर, सकाळी ११:००)

मला पण करावासा वाटायला लागला. पण मी वन रूम किचन, भाड्याचं घर, कामटी तासायला गेलो तर मालकीण कामटीनेच मारेल. बिनकामटीचा काही आहे का?

---

वीस_टिकल्या (१ ऑक्टोबर, दुपारी २:४५)

आहे, आणि माझं नाव त्यावरूनच आहे. जुन्या लग्नपत्रिका घे. (असतातच. घरात देव नसेल पण पत्रिकांचा गठ्ठा असतो.) वाटीने एकवीस सारखी वर्तुळं आखून काप, वीस कंदिलाला, एक साच्याला. कंपासमध्ये त्रिज्या धरून साच्याच्या वर्तुळाच्या कडेवर सहा खुणा कर, एकाआड एक तीन खुणा जोड. झाला समभुज त्रिकोण. तो कापून साचा कर आणि बाकीच्या विसांवर ठेवून आख. त्रिकोणाबाहेरचे तीन तुकडे रिकाम्या बॉलपेनने रेघ मारून वर दुमड.

आता पाच वर्तुळांचे कान एकमेकांना चिकटव, टोकं मधे येतील अशी. झाली टोपी. अशा दोन टोप्या. उरलेल्या दहांचा पट्टा, एक सुलटा एक उलटा. वर टोपी, खाली टोपी. सगळे त्रिकोणच आहेत, तेव्हा काटकोन यांना विचारायची गरज नाही, हलणार नाही. पत्रिकेच्या जाड कागदातून उजेड येत नाही म्हणून दुमडण्याआधी प्रत्येक त्रिकोणात एक खिडकी काप आणि आतून बटर पेपर लाव. वरच्या टोपीचं टोक कापून भोक ठेव, नाहीतर दिवा कुठून घालशील?

दरवर्षी चौथीच्या मुलांकडून करून घेते. २०१८ च्या थर्मोकोलबंदीनंतर शाळेच्या गणपतीचं मखरही पत्रिकांचंच असतं. गणपतीच्या मूषकाच्या मागे "आमच्या येथे श्रीकृपेकरून" वाचता येतं.

---

काटकोन (१ ऑक्टोबर, दुपारी ३:००)

वीस त्रिकोण, बारा कोपरे, तीस कडा. छत्तीस वजा सहा बरोबर तीस. तुमच्या मुलांना सांगा, त्यांनी हिशेब पूर्ण केला.

---

सोमवार_पेठ (४ ऑक्टोबर, रात्री ८:१५)

चकलीताई, प्रगती कळवा. आणि दिवा कोणता लावणार आहात? माझ्या लहानपणी साठचा बल्ब लावून शेजाऱ्यांनी कंदिलाची वरची कड जाळली होती. मग सगळ्या वाड्यात झिरोचे बल्ब आले. झिरो म्हणायचं, खातो पंधरा वॅट. आता एलईडीमुळे ती भीती फारशी राहिली नाही, तीन वॅटचा पिवळा पुरतो. पांढरा लावू नका, लाल कागद गुलाबी आणि मेला दिसतो.

होल्डर वायरीवर लोंबकळत ठेवू नका. वरच्या चौकोनात दोऱ्याच्या फुलीऐवजी खऱ्या दोन काड्यांची फुली करा, मधोमध बांधलेली. तिलाच होल्डर, तिलाच टांगायची दोरी. वायर आणि दोरी वेगळी असावी. कंदील वायरीने टांगणं हा गुन्हा आहे.

---

चकली_मोडली (५ ऑक्टोबर, रात्री ११:३०)

आज रविवार होता, सांगाडा केला. ९ इंची काडी, मापाची काडी एकच, फुल्या पाच दोऱ्याच्या, एक काड्यांची. पूर्ण दिवस गेला. पहिला चौकोन बांधायला चाळीस मिनिटं, सहावा दहा मिनिटांत.

दोऱ्याचा एक धडा मिळाला. सहाही चौकोन सुटे असताना मी फुल्या घालून टाकल्या, म्हटलं सोपं जाईल. जोडताना एकही कोपरा जुळेना, कारण दोन-तीन चौकोन कलत्या अवस्थेतच आवळले गेले होते. सगळे दोरे कापले. मग आधी सगळे कोपरे बांधून सांगाडा पूर्ण केला, टेबलावर उभा केला, लेकाने वरून डोक्यावर हात ठेवल्यासारखा धरला आणि मी समोरासमोरच्या चौकोनांना जोडीने फुल्या घातल्या. दोरा एकदम आवळला नाही, सगळीकडे निम्मा, मग पुन्हा फिरून पूर्ण.

शेवटची गाठ मारली आणि लेकाला म्हटलं, सोड हात. नाही बसला! उचलून हलवला तरी नाही. टिचकी मारली तर एक चौकोन बद्द वाजतोय, बहुतेक मागचा.

---

गिरगाव_ते_गोरेगाव (६ ऑक्टोबर, सकाळी ७:००)

मागचा असेल तर भिंतीकडे करा. आज कोजागिरी, दूध प्या, तो दोरा उद्या.

---

चकली_मोडली (१२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२०)

मदत! काल कागद लावला, चौकोन केशरी, त्रिकोण पांढरे. सुंदर झाला होता. करंज्यासुद्धा झाल्या (वर्तुळ कापून समोरासमोरच्या कडा एकमेकींवर आणायच्या, मधे खळीचं एक टिंब, घडी दाबायची नाही, पोट राहिलं पाहिजे). वाळायला गॅलरीत ठेवला आणि दुपारी सर आली. केशरी रंग दोन पांढऱ्या त्रिकोणांवर उतरला. वसुबारस शुक्रवारी आहे. सगळा कागद काढू का?

---

सोमवार_पेठ (१२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४०)

अजिबात नाही. फक्त ते दोन त्रिकोण. ओलं फडकं कडांवर पाच मिनिटं धरा, खळ सुटते, कागद सालीसारखा निघतो. फेव्हिकॉल असता तर आज रडला असतात. नवे दोन चिकटवा आणि वाळायला पंख्याखाली ठेवा, गॅलरीत नाही. लटकवताना गॅलरीच्या आतल्या बाजूला, छज्जाखाली.

---

राईनकाठी (१२ ऑक्टोबर, रात्री ११:५५)

माझा झाला. जाळीच्या शेपट्या तीन दिवस वाऱ्यात टिकल्यात, वीस_टिकल्या यांचे आभार. शेजारच्या आजी विचारत होत्या की मार्टिनला अजून महिना आहे, आत्ताच कसा लावला? त्यांना दिवाळी समजावली, मग त्यांनी मला त्यांच्याकडची कागदी चांदणी शिकवली. चार लांब पट्ट्या एकमेकींत विणून सोळा टोकांची चांदणी होते, गोंद अजिबात लागत नाही. बालवाडी सुरू करणाऱ्या फ्रोबेलचं नाव आहे तिला. माझ्या पहिल्या तीन चांदण्या चकलीसारख्या झाल्यात (धागाकर्तीने रागावू नये).

---

आगाऊ_कार्टं (१६ ऑक्टोबर, रात्री १०:१०)

वीस टिकल्यांचा केला! मालकीणबाईंनी पाहिला, आणि त्यांच्यासाठी एक हवाय म्हणून स्वतःच्या मुलीच्या लग्नातल्या उरलेल्या पन्नास पत्रिका आणून दिल्या. भाड्याबद्दल यंदा काही बोलल्या नाहीत. उगाच आशा लावून बसलोय.

---

चकली_मोडली (१७ ऑक्टोबर, रात्री ९:००)

लागला. फोटो चढत नाहीये, उद्या प्रयत्न करते.

बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवला. कॅमेरा कागदावर होता, ते म्हणाले, "आत ने, वरून दाखव." वरच्या उघड्या चौकोनातून मोबाइल आत वाकवला. दिव्याच्या उजेडात दोरे दिसत होते, पाच फुल्या. बघत राहिले. मग म्हणाले, "मागचा सैल आहे."

---

गिरगाव_ते_गोरेगाव (१७ ऑक्टोबर, रात्री ९:१२)

भिंतीकडे केला नाहीत ना?

---

चकली_मोडली (१७ ऑक्टोबर, रात्री ९:१५)

केला होता हो. त्यांनी आतून पाहिला.